1983 सालचे मिडी सिंथेसायझरप्रेमी अजूनही का वापरतात?

मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडण्याचे मानक. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात, हे त्याच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे. पट्टी दाबली की कोणता स्वर आणि किती जोराने, एवढे तीन बाइटांत पुढच्या वाद्याला कळते. त्यामुळे सेकंदाला 31,250 बिटांचा, आज हास्यास्पद वाटावा असा वेगही सहसा पुरतो. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हे मानक स्वीकारल्यामुळेच जानेवारी 1983 मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे प्रॉफेट-600 आणि रोलँडचे ज्युपिटर-6 हे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवता आले. नॉबची स्थिती मिडी सहसा फक्त 128 पायऱ्यांत पाठवते; आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरचा नॉब सावकाश फिरवताना त्या पायऱ्या कधीकधी कानाला जाणवतात, ही उणीव मात्र खरी. 2020 मध्ये आलेल्या मिडी 2.0 मध्ये त्यावर उपाय असला, तरी हौशी मंडळींच्या टेबलावर पाच पिनांची जाडजूड केबल अजून दिसतेच.