मुलासाठी मागवलेला धातूचा योयो खाली जाऊन नुसता फिरत राहतो, वर येतच नाही. खराब निघाला का? आणि याच्या खरंच स्पर्धा होतात?

परत पाठवू नका, योयो धडधाकट आहे! आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. लेकाच्या पहिल्या योयोपायी मीही दुकानदाराशी हुज्जत घालून आलो होतो, म्हणून सांगतो.

आपल्या लहानपणी दोरी थेट आसाला घासायची, त्यामुळे हिसका दिला की योयो वर. आता आसावर बॉल बेअरिंग असतं. योयो बनवणारे टॉम कून यांनी १९९० मध्ये बेअरिंगवाला 'सिल्व्हर बुलेट २' आणला, आणि पुढे सगळं बदलत गेलं. दोन तबकड्यांमधली फट रुंदावली, वजन कडेला सरकलं, आत सिलिकॉनच्या पातळ कड्या आल्या. दोरीचे चार-पाच पदर एकावर एक पडले तरी योयो अडकत नाही, फिरतच राहतो. म्हणून तर एकाला एक जोडून लांबलचक करामती करता येतात. वर आणायला 'बाइंड' शिकावा लागतो: दोरी दुमडून तिचा वेढा फिरत्या फटीत सारायचा, सिलिकॉन तो पकडतं आणि योयो सटकन हातात. पहिला आठवडा बोटांची हाडं शेकतात, ते सोडा.

स्पर्धा होतात तर! इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या चिको गावात १९९३ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. आता तिच्याआधी विभागवार स्पर्धा असतात; तिथे वरचा नंबर आला की राष्ट्रीयला सुरुवातीची फेरी द्यावी लागत नाही. प्रकार पाच. एकात दोरी योयोला बांधलेलीच नसते, दुसऱ्यात बोटाला नसते, टोकाला वजन म्हणून सोंगट्यांच्या खेळातला फासा लोंबतो. गंमत म्हणजे दोन हातांत दोन योयो गरगरवायच्या प्रकारात अजूनही जुन्यासारखा आपोआप परतणाराच लागतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पुढच्याच रांगेत परीक्षक होते. हातात मोजणीची बटणं, जमलं की टिक, चुकलं की दुसऱ्या बटणावर टिक. करामती गाण्यावर चालतात, पण गाण्यापेक्षा मला ती टिकटिकच ऐकू येत होती. मध्येच लेकाच्या दोरीला गाठ बसली. त्याने तो योयो खाली टाकला, पायाशी ठेवलेला दुसरा उचलला आणि पुढे चालू. घरी गाठ बसली की आकांत करणारं पोर हे!

तुमच्या मुलासाठी जादा दोऱ्या मागवा, महिन्याला चार-पाच सहज जातात. योयो जमिनीला टेकवून दोरी मुलाच्या बेंबीपर्यंत मोजा, बोटात अडकवायच्या फासापुरती वर ठेवून उरलेली कापा. आणि टीव्हीसमोर खेळू देऊ नका.