सत्राआधी पगाराचं विचार

प्रिय मैत्रिणी,

कारखान्यातल्या परगावच्या कामगारांसाठीचा तुझा आराखडा वाचला. लैंगिक आरोग्याची सत्रं सुरुवातीला, आणि बचत, बँक वगैरे शेवटी, सवड मिळाली तर. हे दोन विषय वेगळे धरूच नकोस, एवढ्यासाठी लिहायला बसले आहे.

परगावाहून कारखान्यात आलेली मुलगी कंडोमचा आग्रह का धरत नाही? माहिती नसते म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. खोली जोडीदाराच्या नावावर, भाडं तो भरतो, तिचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात आणि पिनही त्यालाच पाठ. घरच्यांना या नात्याचा पत्ता नाही. नाही म्हटलं तर रात्री जायचं कुठे? तुझा तक्ता तिला तोंडपाठ झाला तरी हा प्रश्न तसाच राहतो. कधी कार्ड कंत्राटदाराकडे असतं, आणि उचल फिटेपर्यंत तिला हलता येत नाही. खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो. कागदावर.

म्हणून पहिल्या ओळखीत शरीराबद्दल काही विचारू नकोस. पगार कुणाच्या खात्यात जमा होतो, मेसेज कुणाच्या फोनवर येतो, घरी किती पाठवावे लागतात, हातात किती उरतात, हे विचार. पैशाबद्दल बाया मोकळेपणाने बोलतात. त्या बोलण्यातूनच बाकीचं हळूहळू बाहेर येतं. पगारपत्रक दाखवलं तर कपातीचा रकाना नीट वाच. एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, आणि बऱ्याच ठिकाणी महिन्याचा हजेरी भत्ताही. दवाखाना मोफत असला तरी तिला तो या दराने पडतो. दवाखान्याची वेळ आणि शिफ्टची वेळ एकच असेल, तर पोस्टर लावण्यापेक्षा डॉक्टरांना आठवड्यातून एक संध्याकाळ मागून घे. माझ्या मते तुझं अर्धं काम तिथेच आहे.

गर्भनिरोधकांचंही तसंच. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यायची, आणि शिफ्ट तर फिरती. फक्त प्रोजेस्टिन हे संप्रेरक असलेल्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांना तीन तासांहून जास्त उशीर चालत नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन सोयीचं, पण रक्तस्राव अनियमित होऊ शकतो. लाइन सोडून बाथरूमला जायला सुपरवायझरची परवानगी लागत असेल, तर हे तिला आधी सांगायलाच हवं. तांबी दहा वर्षं चालते, पण नको झाली तर नव्या शहरात ती काढणार कोण, हेही सांग. आणि यातलं काहीही गुप्तरोग रोखत नाही. ते काम कंडोमचंच.

लघवीला जळजळ होते म्हणून येणाऱ्या खूप भेटतील, आणि त्यातल्या कित्येकींनी स्वतःच ठरवून टाकलेलं असेल की आपल्याला ‘तसला’ रोग झाला. टार्गेट पुरं करण्यासाठी पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, यानेही संसर्गाचा धोका वाढतो. तपासणी मात्र चुकवू देऊ नकोस. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे गुप्तरोग बाईच्या अंगात काहीच लक्षण न दाखवता राहू शकतात.

पुरुषांना वगळू नकोस. एकटा राहणारा मुलगा लघवीच्या जागेतून पू येऊ लागला की मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतो, बरं वाटलं की अर्ध्यात सोडतो. जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर तोच रोग पुन्हा त्याच्याकडे येतो.

नुसत्या पैशाने सगळं सुटतं, असंही मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो प्रांतातल्या ग्रामीण बायकांना छोटी कर्जं आणि सोबत स्त्री-पुरुष नातं, हिंसा, एचआयव्ही यांवरचं प्रशिक्षण दिलं गेलं. ‘इमेज’ नावाच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: जोडीदाराकडून होणारी हिंसा ५५ टक्क्यांनी घटली, एचआयव्हीच्या नव्या लागणीत मात्र फरक दिसला नाही. कारखान्यातली परिस्थिती वेगळी, पण तुला निधी देणाऱ्यांना वचन देताना हे दोन्ही निष्कर्ष आठव.

व्यवस्थापनाशी बोलायची वेळ येईल तेव्हा दोन कागद जवळ ठेव. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती नको, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच २०१० च्या २०० क्रमांकाच्या शिफारशीत आहे, आणि त्यात स्थलांतरितही येतात. तिचाच २०१९ चा १९० क्रमांकाचा करार कामाशी निगडित हिंसा आणि छळाविरुद्धचा, आणि तो कामाच्या जागेपुरता थांबत नाही. येण्याजाण्याची वाट आणि मालकाने दिलेलं वसतिगृहही त्यात येतं. तुझ्या देशाने तो मान्य केलाय का, हे बघून मगच बोल.

राहता राहिली तातडीची गोष्ट. बलात्कार झाला किंवा कंडोम फाटला, तर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, पण जितकी लवकर तितकी बरी. हे सत्रात सांगून भागत नाही. शनिवारी रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, जाण्याचं भाडं कोण देणार, सोबत कोण जाणार आणि तिचं नाव कुठल्याही वहीत न लिहिता हे कसं होणार, एवढं ठरव आणि आराखडा पुन्हा पाठव.

तुझी,
ताई