तैनाती फौज म्हणजे राजाच्या खर्चानं त्याच्या राज्याच्या रक्षणासाठी ठेवलेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज. तिच्या एका करारानं अख्खं राज्य कसं जायचं? राजांना धोका कळत नव्हता का?

कळत होता. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्लीनं म्हैसूरच्या मुलखातला वाटा पेशव्यांना देऊ केला, अट तैनाती फौजेची. नाना फडणीस तेव्हा हयात होते. पुण्यानं तो वाटा नाकारला. नाना मार्च १८०० मध्ये गेले आणि पावणेतीन वर्षांत, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावानं वसईला तैनाती फौज कबूल केली. कारण त्याच वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज मोडली होती आणि बाजीराव पुणं सोडून पळाला होता. हैदराबादच्या निजामाचंही तसंच. १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत कंपनी त्याच्या मदतीला आली नाही, मराठ्यांची धास्ती मात्र कायम राहिली. म्हणजे सही होते ती गळ्याशी आल्यावर, शेजाऱ्याच्या भीतीनं. पुढचं काम करारातली कलमं करतात.

आपण शाळेत अटींची यादी पाठ करतो: परकी युरोपीय नोकरीत ठेवायचे नाहीत, कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी बोलणी नाहीत, दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा कायमचा प्रतिनिधी. या अटी खऱ्याच आहेत, पण माझ्या मते राज्य पोखरलं ते पैशाच्या कलमानं, म्हणून आधी ते वाचावं. फौज कंपनीची, अंमल कंपनीचा, खर्च राजाचा. आकडा ठरलेला आणि देणं कायमचं, लढाई असो वा नसो.

हे कसं फुगत जातं ते अवधमध्ये स्वच्छ दिसतं. १७६५ मध्ये नवाबानं फौज मागवली तर तेवढ्यापुरता खर्च द्यायचा, एवढंच ठरलं होतं. १७७३ मध्ये एका ब्रिगेडचे महिन्याला २ लाख १० हजार ठरले, १७७५ मध्ये २ लाख ६० हजार. १७९८ मध्ये नवा नवाब सादत अली खानाला गादीवर बसवताना वर्षाचे ७६ लाख. आणि १८०१ मध्ये रोख नको, मुलूख द्या म्हणून कंपनीनं रोहिलखंड, गोरखपूर आणि खालचा दुआब (गंगा-यमुनेमधला मुलूख) घेतला. त्याचा वसूल १ कोटी ३५ लाख धरला होता, म्हणजे राज्य जवळजवळ निम्मं. १७६५ पासून ३६ वर्षांत, नवाबाशी एकही लढाई न करता.

रोखीवरून मुलखावर गाडी का येते, तर हप्ता ठरल्या तारखेला रोख द्यावा लागतो आणि सारा येतो पिकाबरोबर. एक पाऊस हुकला की हप्ता तुंबतो, मग सावकार, मग व्याज, मग सावकाराला तोडून दिलेला महाल. कंपनीला थकबाकी नको असते, म्हणून ती "कटकटच नको, तेवढ्या वसुलाचा प्रदेश तोडून द्या" म्हणते. ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण खर्च कधी कमी होऊ शकतो, तोडून दिलेला प्रदेश परत येत नाही. निजामानं १७९८ मध्ये सहा पलटणींसाठी वर्षाला २४ लाखांवर रक्कम कबूल केली. दोनच वर्षांत, १८०० मध्ये, पलटणी वाढल्या आणि रोखीच्या बदल्यात बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हे भाग गेले. टिपूविरुद्धच्या दोन युद्धांत (१७९२ आणि १७९९) निजामाच्या वाट्याला आलेला मुलूख तो हाच.

तैनाती फौज आणि कंटिन्जंट यांत पुष्कळांची गल्लत होते. तैनाती फौज कंपनीची. कंटिन्जंट कागदोपत्री राजाची स्वतःची, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम चालणार रेसिडेंटचा. हैदराबादेत रेसिडेंट रसेलच्या काळात ही उभी राहिली आणि निजामावर दुसरा खर्च बसला, मुलूख तोडून दिल्यानंतरही. पगार भागेना म्हणून विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादेतल्याच पेढीकडून भारी व्याजानं कर्ज काढलं गेलं. ते फेडायला १८२३ मध्ये निजामानं उत्तर सरकारांबद्दल (आंध्रच्या किनाऱ्यावरचे जिल्हे) कंपनीकडून दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश (खंडणी) एकरकमी घेऊन कायमची सोडली. तरी पगार तुंबतच राहिले. शेवटी २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा भाग कंटिन्जंटच्या खर्चासाठी गव्हर्नर जनरल डलहौसीच्या ताब्यात गेला. त्यात वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड होता. तो १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांकडून काढून निजामाला दिला होता, म्हणजे पन्नास वर्षांत एकाच मुलखाचे दोन धनी संपले. धाराशिव-रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे राहिला. दत्तक नामंजूर करून घेतलेली सातारा, नागपूर, झाशी आपल्या लक्षात राहतात, वऱ्हाड राहत नाही, कारण तिथे गादी खालसा झाली नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

पेशवाईत मात्र पैशानं नाही, दुसऱ्या एका कलमानं घात केला. वसईच्या तहात किमान सहा हजार पायदळ आणि त्यासाठी २६ लाखांचा मुलूख ठरला होता, तो भाग एकदाच मिटला. पण बडोद्याचे गायकवाड आणि निजाम यांच्याकडून पेशव्यांना येणं असलेल्या रकमांचा निवाडा कंपनी करणार, असंही त्यात होतं. गायकवाडांकडची जुनी बाकी पेशव्यांना स्वतः वसूल करता येईना. हिशेबासाठी बडोद्याहून गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. हमी कंपनीची, म्हणून जाब विचारणारी कंपनी. खुनाचा संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टननं त्यांना मागून घेतलं, ते ठाण्याच्या तुरुंगातून निसटले, आणि १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाला मराठेशाहीचं प्रमुखपद, अहमदनगरचा किल्ला आणि गायकवाडांवरचे जुने दावे सोडावे लागले.

त्यानंतर ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, पुणं घेतलं ते जनरल स्मिथच्या फौजेनं. ती पुण्याची तैनाती फौज होती, पेशव्यांच्या रक्षणासाठी वसईच्या तहानं ठेवलेली, आणि तिच्या खर्चाचा मुलूख पेशव्यांनीच तोडून दिला होता.