रोटरीवर पाय निमुळता येतोय? टेलस्टॉक बाजूला नको, वर घ्या

सीएनसी राउटरच्या रोटरीवर (लाकूड फिरवत कोरणाऱ्या यंत्रणेवर) कोरलेल्या तुमच्या फर्निचरच्या सागवानी पायाचा व्यास चकाजवळ (लाकूड पकडून फिरवणाऱ्या टोकाला) ४०.० आणि टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) ४१.२ मिमी भरतोय, भोवती कोरलेली वेल फेरी पूर्ण झाल्यावर जोडावर जुळत नाही, आणि तुम्ही टेलस्टॉक डावी-उजवीकडे सरकवत बसलाय. ते आधी थांबवा. टेलस्टॉक बाजूला ०.६ मिमी सरकला तरी २० मिमी त्रिज्येत जेमतेम ०.०१ मिमी फरक पडतो. व्हर्निअरवर तो दिसायचाही नाही. त्याने नक्षी तिरकी जाते, व्यास बदलत नाही. निमुळतेपणा उंचीतून येतो. टेलस्टॉककडे जाड, म्हणजे टेलस्टॉकचा सेंटर खाली आहे आणि तोही व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, ०.६ मिमी.

पण लगेच पत्रा कापून टेलस्टॉकखाली सारू नका. आधी चकाची बाजू, म्हणजे चक ज्यावर बसतो तो हेडस्टॉक, बघायची. लाकडावर डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून काही कळत नाही. २० मिमीचा ग्राउंड रॉड (घासून अचूक गोल केलेली सळई) घ्या, चकात धरा, टेलस्टॉक पूर्ण मागे. स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या मोटरचा) वीजप्लग काढून स्पिंडलवर डायल बसवा. रॉडच्या माथ्यावर, मग कुशीवर (बाजूला), एक्समध्ये (रॉडच्या लांबीच्या दिशेत) दोन टोकांना रीडिंग घ्या. आता चक १८० अंश फिरवून तेच पुन्हा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तीन जॉच्या (पकडीच्या) चकात रॉड थोडा वाकडा बसतोच, आणि एकाच रीडिंगवर गेलात तर चकाचा दोष हेडस्टॉकच्या माथी मारता. दोन्हींची सरासरी हीच खरी अक्षाची रेघ. ती एक्सला समांतर आली की हेडस्टॉकचे बोल्ट आवळायचे, आणि आवळल्यावर पुन्हा डायल फिरवायचा, कारण आवळताना हेडस्टॉक हमखास हलतो.

टेलस्टॉक शेवटी. रॉडच्या टोकाला लेथवर सेंटर ड्रिल मारून घ्या, सेंटर टेकवा, पुन्हा त्याच पद्धतीने माथा आणि कूस. माथ्यावर टेलस्टॉककडे जितकी उंची कमी भरेल तितकंच पॅकिंग (खाली घालायचा पत्रा). ०.६ हा अंदाज आहे, अंतिम शब्द डायलचा. जॉब (कोरायचं लाकूड) मधेच जाड आणि दोन्ही टोकांना बरोबर येत असेल तर मात्र लाकूड वाकतंय. कट कमी करा किंवा मधे आधार द्या.

रॉड लावलेलाच आहे तर शून्यही (मशीन जिथून मोजतं तो बिंदू) काढून घ्या. टूल दोन्ही कुशींना टेकवा, दोन आकड्यांच्या मधोमध वायचा (आडव्या दिशेचा) शून्य. टूलचा व्यास आपोआप कटतो. माथ्याला टेकल्यावर झेडमध्ये (उंचीच्या दिशेत) १० भरा, म्हणजे शून्य अक्षावर येतो. लाकडाच्या पृष्ठभागावर झेड शून्य करू नका, कच्चा ठोकळा कधीच नीट गोल आणि मधोमध नसतो. अक्षाची बेडपासूनची (मशीनच्या पाटापासूनची) उंची मोजून मशीनवरच मार्करने लिहा. टूल बदललं की बेडवरून झेड घेता येतो.

वेलीचा प्रश्न अलाइनमेंटचा नाही. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ भाग), ६:१ रिडक्शन (मोटरच्या सहा फेऱ्यांना चकाची एक): चकाच्या एका फेरीला ९६०० स्टेप, भागिले ३६०, म्हणजे अंशाला २६.६६६७. तुम्ही मशीनच्या सेटिंगमध्ये २६.६ भरलंय. तिथे दर फेरीला ०.९ अंश कमी पडतो, ४० मिमी व्यासावर साधारण ०.३ मिमीची फट. आकडा दुरुस्त करूनही फट राहिली तर चक हाताने हलवून गिअरचा ढिलेपणा बघा आणि फिनिशिंग पास एकाच दिशेने फिरवा.