नागपुरात सराव आणि डिसेंबरात सह्याद्रीत 25 किमी: ट्रेल रनिंगचे एकच शूज दोन्हीकडे चालतील का?

तुमचं म्हणणं मी असं समजलो की रोडवर दोन वर्षं झाली पळताय, हाफ मॅरेथॉन झाली, आता सेमिनरी हिल्स, अंबाझरी बायोडायव्हर्सिटी पार्क आणि गोरेवाड्याकडचे कच्चे रस्ते सुरू केलेत, डिसेंबरात सिंहगड-राजगडच्या भागात 25 किमीची ट्रेल रेस, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवरची शर्यत आहे, आणि पुढेमागे 50 करायची इच्छा आहे. तर एका जोडीत 25 पर्यंतचं सगळं होते भाऊ, फक्त किलोमीटर पाहून शूज घेऊ नका, आधी जमीन पाहा. मी सात वर्षांपासून याच वाटांवर पळून राहिलो आणि ही एकच गोष्ट मला सुरुवातीला कोणी सांगितली नव्हती.

आपल्याकडे वाट तीच राहते पण वर्षातून तीनदा जमीन बदलते. मे महिन्यात सगळं टणक, वर बारीक मुरूम पसरलेला, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. जुलैत तीच काळी माती फुगते आणि बुटाला धरून बसते. पहिल्या पावसाळ्यात मी हिंगण्याच्या बाजूला शेताच्या धुऱ्यावरून रोडचे शूज घालून गेलो होतो, दोनशे मीटरमध्ये पाय उचलता येईना, घरी येऊन एक बूट चिखलासकट किचनच्या वजनकाट्यावर ठेवला तर 280 ग्रॅमचा बूट 640 भरला. म्हणजे प्रत्येक पावलाला साडेतीनशे ग्रॅम जास्त, आणि खाली चिखलावर चिखल असल्याने ग्रिप शून्य. त्या दिवशी गुडघ्यापेक्षा कंबर जास्त दुखली.

म्हणून लग्ज पाहताना, म्हणजे सोलखालचे ते रबराचे दात, फक्त खोली नका पाहू, दोन दातांमधली जागा पाहा. माझा अंदाज सोपा आहे, दोन लग्जच्या मधे करंगळीचं टोक टेकलं पाहिजे, तिथून माती आपोआप सुटून पडते. जवळ जवळ दात असले की ते भरतात आणि खालून बूट सपाट होते. खोली म्हणाल तर 2-3 मिमी म्हणजे कोरड्या कच्च्या रस्त्यापुरतं, 4-5 मिमी बहुतेक सगळीकडे चालते, 6 आणि त्यावरचे फक्त चिखलासाठी, टणक जमिनीवर ते वाकतात आणि पायाखाली खिळे असल्यासारखं वाटते.

त्यात नागपूरची अजून एक गोष्ट, घरापासून ट्रेलपर्यंत सिमेंट रोड. तुम्ही जर रोज तीन-चार किमी सिमेंटवरून पळत जाणार असाल तर ट्रेलचं मऊ रबर तिथेच घासून जाईल, महागाची ग्रिप रस्त्यालाच द्यायची. मी गाडीने जातो आणि तिथे बूट बदलतो. तुम्हाला ते जमत नसेल तर 3.5-4 मिमीवाले घ्या, ते रोडवर पण त्रास देत नाहीत.

आणि नोव्हेंबरपासून पुढे कुसळं. गवत वाळलं की कुसळ जाळीतून आत जाते, मोज्यात अडकते आणि पाचव्या किलोमीटरला घोट्याजवळ सुईसारखं टोचायला लागते, बूट काढून पाहिलं तर एक सापडते आणि तीन आत राहतात. म्हणून वरचं कापड बारीक विणीचं पाहिजे आणि जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली पाहिजे, मोकळी जीभ असली की बाजूने सगळा कचरा आत. बाभळीचा काटा तर त्याहून वाईट, मऊ फोममधून सरळ वर येतो. माझ्या जुन्या बुटातून एकदा पक्कडीने काटा काढला, दोन बोटांच्या पेरांएवढा होता, तळव्याला लागायच्या थोडा अलीकडे थांबला होता. तेव्हापासून मी रॉक प्लेट असलेलेच पाहतो, म्हणजे सोलच्या आत प्लास्टिकचा पातळ कडक थर असतो, टोकदार दगड पण त्याच्याने कमी टोचतात. दुकानात दोन्ही अंगठ्यांनी सोल खालून दाबून पाहा, अंगठा सहज रुतत असेल तर आपल्या काट्यांसाठी तो बूट नको.

आता सह्याद्री. तिथला कातळ आणि आपल्या सेमिनरी हिल्सचा काळा दगड, दोन्ही एकाच लाव्ह्याचे, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या ज्वालामुखीचे. म्हणून रबराची परीक्षा इथेच करून घ्या. पाऊस थांबल्यावर ओल्या दगडावर हळू चालून पाहा, इथे घसरला तर तिथेही घसरणार. ओल्या दगडावर खोल लग्जचा काही उपयोग नसतो, उलट दगडाला टेकणारं रबर कमी पडते, तिथे रबर किती चिकट आहे तेच कामाचं. व्हिब्रमचं मेगाग्रिप रबर त्यासाठीच नावाजलेलं आहे. ही व्हिब्रम कंपनी मुळात इटलीच्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाची, 1935 मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती दगावले, पायात चांगले बूट नव्हते म्हणून, आणि त्यानंतर त्याने 1937 मध्ये रबराचा सोल आणला. शेवाळ असेल तर मात्र कोणत्याच रबरावर भरवसा ठेवू नका, चालत जा.

डिसेंबरात तिकडे चिखल नसतो, घसारा असतो, उतारावर सुटी माती आणि बारीक दगड. तिथे टाचेखालचे लग्ज उलट्या दिशेचे पाहिजेत, ब्रेकसारखे, बूट उलटा करून बघितला की लगेच कळते.

फिटिंगवर सगळ्यात जास्त वेळ द्या, बाकी सगळं यानंतर. संध्याकाळी, दिवसभर पायावर राहिल्यावर मापा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत माप घ्या आणि त्यात साधारण एक सेंटीमीटर वाढवा. रोडवर जो नंबर चालते तोच ट्रेलला चालेल असं नाही, उतारावर पाय पुढे सरकते आणि नखं काळी पडतात. टाच मात्र हलायला नको, हलत असेल तर वरच्या जास्तीच्या भोकातून लेसचा फास करून बांधा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. नागपुरात दुकानात ट्रेलचे फार प्रकार मिळत नाहीत, म्हणून मी ऑनलाइन दोन नंबर मागवतो, घरात फरशीवर घालून जिने चढतो उतरतो, आणि एक परत करतो.

अंतराचा मुद्दा इथे येतो. 10 किमीला हलका, घट्ट बसणारा बूट चालते. 25 ला, तुम्हाला चार-साडेचार तास धरा, पुढे बोटं पसरायला जागा लागते. 50 ला पाय बराच सुजतो, तेव्हा अर्धा नंबर मोठा आणि जास्त कुशनवाला वेगळा घ्या, पण ते तेव्हा पाहू, आत्ता पैसे अडकवू नका.

ड्रॉपचं, म्हणजे टाच आणि पंजाच्या उंचीतल्या फरकाचं, जपून करा. तुम्ही 8-10 मिमीवर सवयीचे असाल तर एकदम झिरोवर जाऊ नका, पोटरी आणि टाचेची शीर धरते. आल्ट्रा लोन पीक हा बूट झिरो ड्रॉप आहे, पुढून रुंद आहे, पाय रुंद असला तर छान, पण सवय करायला दोन-तीन महिने द्या. सालोमन स्पीडक्रॉसचे लग्ज खोल आणि ड्रॉप 10, पावसाळ्याचा बूट तो. होका स्पीडगोटमध्ये मेगाग्रिप आहे, कुशन भरपूर, ड्रॉप 4-5 च्या आसपास. तुमच्या वर्णनावरून मी 4-5 मिमी लग्ज, 5-8 ड्रॉप, रॉक प्लेट असं काही शोधलं असतं, ब्रँड कोणताही.

वॉटरप्रूफ अजिबात घेऊ नका. आपल्या उकाड्यात आत पाय शिजतो, आणि नाल्यात पाय गेला की पाणी वरून आत येते आणि बाहेर निघत नाही. साधी जाळी दहा मिनिटांत निथळते. धुतल्यावर आत रद्दी पेपर कोंबून सावलीत वाळवा, आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवले तर सोलचा गोंद सुटतो, माझी एक जोडी अशीच गेली.

रेसच्या आधी निदान 80-100 किमी त्याच बुटात आणि त्याच मोज्यात करा, त्यातले दोन लांब रन उतारावरचे. तुमचं पायाचं माप सेंटीमीटरमध्ये आणि पंजा रुंद आहे का तेवढं खाली लिहा, मग नेमका कोणता नंबर मागवायचा ते सांगतो.