कॅनडातल्या ओंटारियोत घराचं बेसमेंट वेगळं युनिट करून भाड्याने द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

टाइल्स-रंगाच्या आधी मोजायची टेप हातात घ्या. जुन्या घरात छताची उंची किमान १.९५ मीटर हवी. छताखालून जाणाऱ्या डक्टखाली (गरम-थंड हवेच्या नळाखाली) नेमकं गाडं अडतं. मग आगीत सुटकेची खिडकी: उघडी जागा ०.३५ चौरस मीटर, कुठलीच बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे रुंदी ३८० ठेवलीत तर उंची साधारण ९२० लागते. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, तेवढाच मोजायचा. बहुतेकांची फसगत तिथे होते. खिडकी मोठी करायची तर पायाची भिंत कापावी लागते, म्हणून बिल्डिंग परमिट आधी, करवत नंतर. दोन्ही युनिटमधले धुराचे अलार्म एकमेकांना जोडा. आणि हो, वायरिंगची तपासणी वेगळी असते. ती होईपर्यंत ड्रायवॉल (वायरिंग झाकणारा भिंतीचा जिप्सम बोर्ड) लावू नका, नाहीतर लावलेला फोडावा लागेल.