७०० डॉलरचा जुना स्विमिंग पूल आणि त्यापेक्षा कितीतरी महाग पडलेली पॉलिसी

प्रश्न: आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. मी ३९, बायको ३६, मुलं १० आणि ७ वर्षांची. दोघांचा मिळून पगार १ लाख ६५ हजार डॉलर, त्यातले १ लाख ३० हजार माझे. ऑफिसमधला एक जण घर विकतोय, तो त्याचा २४ फुटी गोल अबव्ह-ग्राउंड (जमिनीवर उभा केलेला) स्विमिंग पूल ७०० डॉलरला देतोय. ७ वर्षं जुना आहे, पंप, सँड फिल्टर, शिडीसकट. सप्टेंबरअखेर आपणच सोडवून न्यायचा. मी गावी विहिरीत पोहायला शिकलो, मुलांनाही पाण्याची सवय लागावी असं फार वाटतं. बाजूला छोटा डेक धरून ६ हजारांचं बजेट आहे. सेव्हिंगमध्ये ४ हजारच आहेत म्हणून आययूएल पॉलिसीवर (इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे शेअर बाजाराच्या इंडेक्सवर व्याज ठरणारा आयुर्विमा) लोन काढायचा विचार आहे. मंडळातल्या ओळखीच्या एजंटकडून ३ वर्षांपूर्वी घेतलीये, महिना १ हजार, ६ लाखांचं कव्हर. तो म्हणतो लोन आपल्याच पैशांचं असतं, परत नाही केलं तरी चालतं. आत्ता पॉलिसीत २८ हजार दिसतात, सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज बंद केली तर हातात येणारे, साडेपंधरा हजार. (बजेट बसेना म्हणून ४०१(के), म्हणजे नोकरीतलं रिटायरमेंट खातं, सध्या थांबवलाय, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मं मॅच करते.) पूल घेणं फायद्याचं आहे का, घराची किंमत वाढेल का, आणि लोन पॉलिसीवर घ्यावं की क्रेडिट कार्डच्या ०% ऑफरवर?

उत्तर: पुलाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपणारं आहे. तुम्ही कंसात जे एक वाक्य टाकलंय ना, त्यावर मात्र जास्त वेळ जाणार आहे.

घराची किंमत वाढणार नाही, ती आशा सोडा. अबव्ह-ग्राउंड पूल काढून नेता येतो, म्हणून अप्रेझल करणारे सहसा तो घराच्या किमतीत धरत नाहीत. तुमच्या सहकाऱ्यानं तो घराबरोबर विकायच्या ऐवजी ७०० डॉलरला का काढलाय बघा की, त्यातच उत्तर आहे.

खर्च साधारण असा येईल. पूल ७००. जुना लाइनर (आतलं व्हायनलचं अस्तर) तुमच्याकडे बसणार नाही, व्हायनल एकदा काढलं की आकसतं आणि परत ताणताना फाटतं, तो तिथेच कचऱ्यात टाका आणि नवा लाइनर अधिक स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड) गॅस्केट असे ४५० धरा. जमीन लेव्हल करणं आणि वाळू १,२००. इलेक्ट्रिशियन १,५००. परमिट १५०, कुलूप लागणारी किंवा उचलून ठेवता येणारी शिडी ३००, ट्रकभाडं, मोडलेले स्क्रू, नवे होज २००, पाणी २००. झाले ४,७००. त्यात पहिल्या वर्षाची केमिकल्स, वीज आणि हिवाळ्याचं कव्हर असे ८०० घाला, म्हणजे साडेपाच हजार, आणि यात डेक नाहीये. डेकला निदान दोन-अडीच हजार वेगळे. म्हणजे तुमचं ६ हजारांचं बजेट खरं तर ८ हजारांचं आहे, आणि पुढे दरवर्षी ८०० ते हजार. वापर किती, तर मेमोरियल डे ते लेबर डे, जेमतेम १०० दिवस, त्यातले पावसाचे आणि थंड दिवस तुम्हीच वजा करा.

जमिनीच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या पैशात काटकसर करू नका, हे अगदी कळकळीनं सांगतोय. २४ फुटी पुलात साधारण १३ हजार गॅलन पाणी मावतं, म्हणजे जवळपास ४९ टन वजन, आणि ते पत्र्याच्या एका भिंतीनं धरलेलं असतं. जमीन एका बाजूला दोन-तीन इंच खाली असली तर सगळा भार त्या बाजूला येतो. सखल बाजूला माती टाकून लेव्हल करतात ते चुकीचं, ती माती पाण्याखाली बसते, उंच बाजू खणून खाली आणायची असते. आणि पंपाला एक्स्टेन्शन कॉर्ड लावायची नाही म्हणजे नाही, वेगळं जीएफसीआय (वीज गळली की लगेच बंद होणारं) सर्किट आणि धातूचे सगळे भाग आणि पाणी तांब्याच्या तारेनं जोडून घेणं हे लायसन्सवाल्या माणसाचंच काम, पोरं त्या पाण्यात उतरणार आहेत.

मित्रांसोबत सोडवणं एका शनिवारी होईल, जोडणं होणार नाही. ती भिंत म्हणजे ७५ फूट लांब पत्रा असतो, गुंडाळायला चार माणसं आणि वारा नसलेला दिवस लागतो. सोडवायच्या आधी प्रत्येक भागाचे फोटो काढा. आणि पैसे लाइनर निघाल्यावरच द्या, कारण भिंतीचा गंज लाइनरच्या मागे, स्किमरच्या भोकाजवळ आणि तळाच्या पट्टीत असतो, आधी दिसत नाही. गंजून आरपार भोक पडलेलं दिसलं तर फुकटसुद्धा नेऊ नका.

या सगळ्याच्या आधी तुमच्या एचओएचे (वस्तीतल्या घरमालकांच्या संघाचे) नियम वाचा. बऱ्याच सबडिव्हिजनमध्ये अबव्ह-ग्राउंड पुलाला सरळ मनाई असते, आणि तसं असेल तर वरचं सगळं गणित पुसून टाका. घराच्या इन्शुरन्सवाल्यांनाही आधी फोन करा, पूल असलेल्या घराची लायबिलिटी वाढते आणि अम्ब्रेला पॉलिसी (वरचं जादा लायबिलिटी कव्हर) लागेल का ते विचारा.

आता ते कंसातलं वाक्य. कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मं मॅच करते आणि तुम्ही ४०१(के) बंद केलाय. तुमच्या पगाराचे ६ टक्के म्हणजे ७,८००. त्यावर कंपनीचे ३,९०० दरवर्षी मिळाले असते, काहीही न करता. पॉलिसी घेतल्यापासून ते बंद असेल तर ३ वर्षांत जवळपास १२ हजार डॉलर तुम्ही कंपनीकडेच सोडलेत, म्हणजे ज्या पुलासाठी कर्ज शोधताय तसे दोन पूल, रोखीनं. मॅचचा व्हेस्टिंगचा नियम (ते पैसे किती वर्षांनी पूर्ण तुमचे होतात) काय आहे ते एचआरला विचारून घ्या, पण पहिल्याच दिवशी ५० टक्के भर घालणारं दुसरं काहीही बाजारात नाही. आणि ते थांबवून महिना १ हजार कुठे गेले, तर आययूएलमध्ये.

मला या विषयावर राग येतो आणि तो लपवत नाही. अमेरिकेतल्या मराठी, तेलुगू, गुजराती घरांत ही पॉलिसी गणपतीच्या कार्यक्रमात, पॉटलकमध्ये, मुलांच्या बर्थडे पार्टीत विकली जाते. टॅक्स-फ्री रिटायरमेंट, मुलांचं कॉलेज, मार्केट पडलं तरी नुकसान शून्य, तुम्हीच तुमची बँक. ऐकणारा माणूस हुशार असतो, सॉफ्टवेअर लिहितो, पण समोर ओळखीचा दादा असतो म्हणून तो ४० पानांचं इलस्ट्रेशन (पॉलिसी पुढे कशी वाढेल याचा अंदाजी तक्ता) उघडत नाही. तुम्हीही उघडलं नसणार. एक रविवार काढा आणि उघडा, त्यात दोन कॉलम सापडतील, एक गॅरंटीड आणि एक नॉन-गॅरंटीड. तुम्हाला दाखवला गेला तो बहुतेक दुसरा.

शून्याचा फ्लोअर, म्हणजे व्याज शून्याखाली जात नाही, हे खरं, पण तो व्याज जमा करताना असतो. त्यानंतर इन्शुरन्सची किंमत, प्रीमियमवरचा चार्ज, पॉलिसीची फी हे सगळं कापलंच जातं, म्हणजे मार्केट पडलेल्या वर्षी तुमची रक्कम कमीच होते. मार्केट वर गेलं तर मिळणाऱ्या व्याजावर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा असते, आणि ती कॅप पॉलिसीत लिहिलेल्या किमान मर्यादेच्या वर कंपनी बदलू शकते. शिवाय नेहमीच्या प्रकारात हिशोब फक्त इंडेक्सच्या भावाचा होतो, लाभांश तुम्हाला मिळत नाही. वय वाढलं की इन्शुरन्सची किंमत वाढते, साठीनंतर झपाट्यानं. या इलस्ट्रेशनमध्ये इतके फुगवलेले आकडे दाखवले जायचे की एनएआयसीनं (राज्यांच्या इन्शुरन्स नियामकांची संघटना) २०१५ मध्ये त्यावर मर्यादा आणली आणि मग २०२० आणि २०२३ मध्ये ती आणखी आवळावी लागली.

आणि ते लोन. ते तुमच्या पैशातून येत नाही, कंपनी स्वतःच्या पैशातून देते आणि तुमची पॉलिसी तारण ठेवते, त्यावर व्याज लागतं. परत नाही केलं तरी चालतं याचा अर्थ व्याज मुदलात मिळत जातं. तुमच्या मृत्यूनंतर घरच्यांना जे पैसे मिळणार त्यातून लोनची बाकी आधी वजा होते, आणि मधेच पॉलिसी लॅप्स झाली तर भरलेल्या प्रीमियमच्या वरच्या फायद्यावर त्या वर्षी टॅक्स लागतो, हातात रोख काही न येता. पुलासाठी हे लोन काढू नका. क्रेडिट कार्डही नको, ०% ची मुदत संपेपर्यंत ६ हजार फेडायचे तर दर महिन्याला जे पैसे लागतील ते तुमच्याकडे आज नाहीत, असते तर सेव्हिंग ४ हजारांवर नसतं.

४ हजार सेव्हिंग, दोन मुलं आणि घराचे हप्ते, यात एकाची नोकरी गेली तर महिना काढणं कठीण आहे. पुलापेक्षा ही गोष्ट मला जास्त टोचली.

आता करायचं काय. उद्याच्या उद्या ४०१(के) ६ टक्क्यांवर सुरू करा. ७,८०० प्री-टॅक्स जातात, तुम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये आहात, म्हणजे घरी येणारा पगार महिन्याला साधारण ५०० नी कमी होईल, खात्यात मात्र वर्षाला ११,७०० जमा होतील. हे ५०० पॉलिसीचा प्रीमियम कमी करून काढा. आययूएलचा प्रीमियम लवचिक असतो, कमी करता येतो, एजंटनं हे तुम्हाला सांगितलं नसेल तर मला नवल वाटणार नाही. कंपनीला थेट फोन करा, एजंटमार्फत नको, आणि पॉलिसी चालू राहायला किमान किती लागतात ते लेखी घ्या.

मग टर्म इन्शुरन्सचा (ठरावीक वर्षांचा, बचत नसलेला साधा आयुर्विमा) अर्ज करा. तब्येत चांगली असेल, सिगरेट नसेल तर ३९ व्या वर्षी १० लाख डॉलरचं २० वर्षांचं कव्हर महिना साठ-सत्तर डॉलरच्या आसपास मिळतं. तुम्ही ६ लाखांसाठी १ हजार देताय. बायकोचंही घ्या, त्यांचं काही झालं तर मुलांना सांभाळायचा खर्च कोण देणार? मात्र टर्म हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी बंद करायची नाही, मेडिकलमध्ये काही निघालं तर तीच कामाला येईल.

टर्म मिळाली की पॉलिसीचा निकाल लावा. तुम्ही ३६ हजार भरलेत आणि हातात साडेपंधरा येणार, २० हजार गेले, हे दुखणार आहे मला माहितीये. पण ते गेलेलेच आहेत, आणखी दहा वर्षं महिना १ हजार भरून ते परत येत नाहीत, फक्त वर १ लाख २० हजार आणखी अडकतात. कंपनीकडून इन-फोर्स इलस्ट्रेशन मागवा, आजच्या शिलकीवर, ४ टक्के धरून, आणि सरेंडर चार्ज दरवर्षी किती उतरतो त्याचा तक्ता मागा. माझा कल पॉलिसी बंद करण्याकडे आहे. सरेंडरवर टॅक्स नाही कारण तुम्ही तोट्यात आहात, पण तो तोटा टॅक्समध्ये वजाही मिळत नाही. एक वाट अशी आहे की १०३५ एक्स्चेंज करून (टॅक्स न लागता पॉलिसी बदलून) ती रक्कम कमी खर्चाच्या अ‍ॅन्युइटीत, म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या बचत योजनेत, नेली तर तुमची ३६ हजारांची बेसिस (भरलेली मूळ रक्कम) तिथे पुढे जाते आणि तेवढ्यापर्यंतच्या वाढीवर टॅक्स लागत नाही. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे त्याला मी ती सुचवली असती. तुमच्याकडे नाहीये. तुम्ही रोख घ्या आणि सगळी हाय-यील्ड सेव्हिंगमध्ये टाका, आधीचे ४ मिळून १९-२० हजार होतील, तेवढ्यानं निदान तीन महिन्यांची बेगमी होईल.

एजंट दुखावेल ही भीती तुम्ही लिहिली नाहीये, पण मला ती पत्रात दिसते. त्याला पहिल्या वर्षाच्या प्रीमियमवर मोठं कमिशन मिळून गेलंय. त्यानं तुम्हाला ४०१(के) चालू आहे का हे विचारलं होतं का, बंद करताय हे कळल्यावर थांबवलं होतं का, एवढं स्वतःला विचारा. मंडळात भेटलात तर नेहमीसारखं बोला, पैशांबद्दल फक्त ‘कंपनीशी बोललोय’ एवढंच सांगा. तो नवीन प्लॅन घेऊन येईल, जुना बंद करून दुसरा चांगला म्हणून, तिथे सही करायची नाही.

आणि पूल. एचओए हो म्हणत असेल आणि भिंत निरोगी असेल तर ७०० देऊन सप्टेंबरमध्ये सोडवून आणा, भिंत आणि रेल कोरड्या गॅरेजमध्ये हिवाळाभर राहतात. तोपर्यंत मुलांना वायएमसीएत पोहायच्या क्लासला घाला, विहिरीत शिकवायला तुमच्याजवळ कोणी मोठं माणूस काठावर उभं असणार, इथे बॅकयार्डमध्ये तुम्ही झूम कॉलवर असाल. पॉलिसी बंद केल्यावर वाचणारे बाकीचे ५००, त्यातून टर्मचे प्रीमियम गेल्यावर महिना पावणेचारशे उरतील, ते वेगळ्या खात्यात ठेवा, मे महिन्यापर्यंत ३ हजार होतील. उरलेले हजार-दीड हजार टॅक्स रिफंड किंवा बोनसमधून जमले तर बसवा, नाही जमले तर एक उन्हाळा गावच्या कम्युनिटी पुलाची मेंबरशिप घ्या, आणि डेकचं नाव त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत काढू नका.